कुरुंद्याचा पिवळा चंद्र

उगवता चंद्र पिवळा काहून दिसतो, असं लहानपणी मला कुणी विचारलं असतं तर मी त्याच्या अकलेची कीव केली असती. कुरुंद्यात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. आमच्या गावची हळद निघते, शिजते, वाळते, मग ती घासतात. घासताना तिची धूळ वर जाते आणि चंद्राला लागते, झालं. पावसाळ्यात तो धुऊन निघतो म्हणून श्रावणात पांढरा, आणि एखाद्या वर्षी हळद जास्त पिकली की चैत्रात तो तांबडालाल, कारण थरावर थर बसतात. बाहेरगावच्या लोकांना चंद्र कसा दिसतो याची चौकशी करायची आम्हांला कधी गरज पडली नाही. आमचा बा तर पाहुण्यांना सांगायचा, वसमतच्या बाजाराचं काय घेऊन बसलात, आमची हळद तिकडं वरपर्यंत जाते. तो हे हसत सांगायचा, पण मी ते हसण्यावारी नेलं नव्हतं. मी अकरा वर्षांची होते आणि बाच्या तोंडून निघालेला शब्द माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होता.

हळदीच्या दिवसांत आमच्या घराला स्वतःचा असा रंगच उरत नसे. माघात काहिली चुलवणावर चढायच्या, वरून हळदीचीच पानं झाकायची, आणि त्या वाफेचा वास घरादारात, वाकळीत, दह्याच्या विरजणातसुद्धा उतरायचा. मग पंधरा दिवस खळ्यावर वाळवण. मग घासणी. आमच्याकडं घासणी पायानं व्हायची. पायाला गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, आडव्या बांबूला धरून बायांनी ओळीनं उभं राहायचं, आणि हळकुंडांच्या राशीवर पाय घासत राहायचं. शेजारच्या तांड्यावरच्या बाया यायच्या, त्या गाणी म्हणायच्या, त्यांच्या पायातले वाळे वाजायचे, आणि खालून खसखस, खसखस असा एकसारखा आवाज. दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया पिवळ्या. कोंबड्या पिवळ्या. आमची पांढरी गाय चैत्रात कुणी ओळखली नसती. माय चिडून म्हणायची की या घरात मीठसुद्धा पिवळं होतं, आणि ते खरंच होत असे. आज माझी नात बाजारातून हळदीची पुडी आणते, बोटाच्या पेराएवढा डाग ओट्यावर पडला की घासणी घेऊन धावते. मला हसू येतं. मी तिला काही बोलत नाही, कारण बोललं की ती म्हणते, आजी, आता तुझं कुरुंदा सुरू करू नको.

माझी थोरली बहीण रुक्मिण, तिला मी आक्का म्हणायची. ती सतरा वर्षांची झाली होती, आणि तेव्हाच्या हिशेबानं हे वय मायच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. आधी दोन ठिकाणं येऊन गेली होती. एका ठिकाणी पत्रिका जमली नाही. दुसऱ्या ठिकाणच्या लोकांनी मुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली, दोनदा मागून खाल्ली, आणि गावी जाऊन निरोप धाडला की पोरगी रंगानं दबती आहे. त्या दिवसापासून मायनं पाहुण्यांसाठी सुशीला करणं बंद केलं, जणू मुरमुऱ्यांचाच दोष होता. तिसरं ठिकाण साखऱ्याचं. पोरगा कोरडवाहू शेती करणारा, उर्दू चौथी झालेला, आई लहानपणीच गेलेली, विधवा आत्यानं वाढवलेला. बाला ते पटलं होतं. आणि आक्काला काय वाटतं हे घरात फक्त मला माहीत होतं. बाळापूरला एका लग्नात तिनं त्याला पाहिलं होतं. पंगतीत तो ताक वाढत होता, आणि एका म्हाताऱ्याचा हात थरथरत होता म्हणून यानं त्याचा गडवा धरून ठेवला, म्हातारा पिऊन होईपर्यंत. एवढंच. रात्री वाकळीत तोंड घालून आक्कानं मला हे सांगितलं आणि वर दम दिला की कुणाला बोललीस तर वेणी कापीन. मी कुणाला बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि आता वेणीही फारशी उरलेली नाही.

पाहुणे हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी यायचे ठरले. मायनं आठ दिवस आधी फर्मान काढलं की रुक्मिणीनं हळदीला हात लावायचा नाही, खळ्याकडं फिरकायचंही नाही. तिच्या वाट्याची रास माझ्या गळ्यात आली. पाच दिवस मी इमानानं पाय घासले. सहाव्या दिवशी रहीमचाचा आला आणि माझं इमान संपलं.

रहीमचाचा हा बाळापूरचा कलईवाला. कालपर्यंत काळी पडलेली पातेली तो घटकेत आरशासारखी करायचा, आणि आमच्या भागातल्या कुठल्याही घरी सोयरीक निघाली की पहिला निरोप त्याला जायचा. त्यानं अंगणात कडुलिंबाखाली खड्डा केला, भाता लावला, कोळसे फुलवले. भांडं तापून आलं की तो त्यात चिमूटभर नवसागर टाकायचा, भस्सकन पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं असा हात मारायचा की आतून चांदणं पसरावं. हे सोडून बांबूला धरून पाय घासत कोण उभं राहील? मी पायात काटा मोडल्याचं सोंग घेतलं. लंगडत जाऊन चाचापाशी बसले आणि भाता मारू लागले. माय दोन दिवस गोधड्या धुवायला नदीवर होती. माझी रास तशीच पडलेली बघून आक्काला वाटलं, माय आली की गोदीला, म्हणजे मला, झोडपेल. तिनं मुकाट्यानं पायाला गोणपाट गुंडाळलं आणि दोन्ही दिवस माझ्या वाट्याची हळद घासली. मला ते दिसत होतं. मी भाता मारत राहिले. चाचानं एकदा माझ्या पायाकडं बघून विचारलं, काटा काल उजव्या पायात होता, आज डाव्यात गेला काय? मी भाता आणखी जोरात मारला.

मायला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. पाहुण्यांच्या दिवशी सकाळी तिनं आक्काला बेसन लावून घासलं, ताक लावून घासलं, तिची कातडी निघायची तेवढी बाकी राहिली. पण हळद ती हळद. शेवटी लांब बाह्यांची हिरवी चोळी घालून तिला सांगितलं की हात पदराखालून काढायचा नाही. माझ्याकडं मायनं एकदाच बघितलं. माराचं मला कधी विशेष वाटलं नाही, पण त्या बघण्यानंतर मी लंगडायचं विसरले.

साखऱ्याहून यायचं म्हणजे हिंगोलीपर्यंत बैलगाडी, तिथून रेल्वे, वसमतपासून पुन्हा बैलगाडी. रेल्वे उशिरा आली, त्यामुळं पाहुणे टेकले तेव्हा दिवस मावळला होता आणि ओसरीवर कंदील लावावा लागला. नवऱ्या मुलाचा बाप आला होता आणि ती आत्या. बाप अबोल, मान डोलावणारा. सगळा कारभार आत्याबाईंच्या हाती दिसत होता. उंच, काटक बाई, पांढरं लुगडं, बोलणं थेट. आत गव्हल्यांची खीर तयार होती. आमच्याकडचा रिवाज असा की पाहुण्यांनी गोड खाल्लं म्हणजे होकार. नुसतं पाणी पिऊन उठले म्हणजे काय समजायचं ते समजा.

आक्का येऊन पाटावर बसली. नाव, गाव, रांधायला काय काय येतं, सगळं विचारून झालं. मग आत्याबाई म्हणाल्या, हात बघू. आक्कानं एक बोट काढलं. त्यांनी मनगट धरून सबंध हात कंदिलापाशी ओढला, तळवा उलटा केला, नखं बघितली, मग हनुवटी धरून डोळे बघितले. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं त्यांना विंचू चावला.

"नखं पिवळी, तळवे पिवळे, डोळेबी पिवळे," त्या हळूच म्हणाल्या. "असे डोळे मी तीन म्हैने उशाशी बसून बघितलेत. माझा मालक काविळीनं गेला. आता भाच्याच्या घरात मीच ते घेऊन जाऊ?"

बा घाईनं पुढं झाला. ही हळद आहे, आमचा धंदाच हा, असं त्यानं आपले दोन्ही हात पुढं करून सांगितलं. ते हातही पिवळे. माय दारातून बोलू लागली, तिचेही पिवळे. आत्याबाईंनी एकेकाकडं बघितलं आणि मला स्पष्ट दिसलं की त्या आता सगळ्या घरालाच कावीळ झाल्याचा विचार करत आहेत. हाताला हळद लागते हे कबूल, पण डोळ्याला कशी लागेल, असं त्या म्हणाल्या. पाण्याचा तांब्या त्यांनी हातानं बाजूला सरकवला. आम्ही मारुतीच्या देवळात पडू, सकाळी निघू, असं म्हणून त्या उठल्या आणि अंगणात आल्या. आक्का पाटावर तशीच बसून होती. तिनं हात पुन्हा पदराखाली घेतला होता. रडत नव्हती, पण मी तिला ओळखत होते.

अंगणात रहीमचाचा शेवटचं पातेलं चढवून बसला होता. आणि नेमका तेव्हा समोर, खळ्याच्या पलीकडं, चंद्र उगवत होता. एवढा मोठा, एवढा तांबूस पिवळा, की हळकुंड मोडल्यावर आतून दिसतं तसा. गावात कुणाची मागास, उशिरा निघालेली हळद अजून शिजत होती, तिचा धूर आडवा पसरला होता. मला राहवलं नाही. मी आत्याबाईंच्या पुढं जाऊन म्हणाले की बघा, आमच्या गावची हळद चंद्रालासुद्धा लागते, मग आक्काला लागली तर काय झालं?

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. "पोरी, आमच्या साखऱ्याला बी उगवताना असाच असतो," त्या म्हणाल्या. "तिथं तर औषधाला हळद न्हाई."

माझ्या आयुष्यात मला बरेच धक्के बसले, पण इतका सरळ दुसरा आठवत नाही. साखऱ्यालासुद्धा? मी बाच्या तोंडाकडं बघितलं. बा कडुलिंबाकडं बघत होता. मग मी चाचाकडं वळले, कारण तो गावोगाव हिंडणारा माणूस. तो म्हणाला की बराबर आहे, बाळापूरला असाच, कळमनुरीला असाच, सगळीकडं असाच. मी जवळजवळ रडत विचारलं, मग काहून पिवळा असतो?

चाचा म्हणाला, तिकडं कंदिलाकडं बघ. ओसरीवर टांगलेला कंदील त्याच्या पातेल्याच्या बरोबर पलीकडं होता. त्यानं तापल्या भांड्यात चिमूटभर नवसागर टाकला. धूर उठला, आणि त्या धुरातून बघताना कंदिलाची ज्योत एकदम तांबूस झाली. धूर विरळ झाला तशी पिवळी, आणि धूर गेल्यावर पुन्हा होती तशी. त्यानं परत टाकला, परत तेच. आत्याबाईसुद्धा थांबून बघू लागल्या.

"दिव्याला काय बी झालं न्हाई," चाचा म्हणाला. "मधी धूर आला. चांद डोक्यावर असला की आपल्या आन त्याच्या मधी हवा थोडी. उगवताना आडवं बघावं लागतं, मग मधी खळ्याची धूळ, गाडीवाटेचा फुफाटा, धा गावाच्या चुलीचा धूर, सगळं येतं. वर चढू द्या, पांढराफटक दिसंल. तकलीफ चांदाला न्हाई, मधल्या रस्त्याला हाय."

इथं जरा थांबते. मागच्या वर्षी माझ्या नातीनं मला मोबाइलवर चित्र काढून दाखवलं. प्रकाशात सगळे रंग असतात, निळा वाटेतच विखरून जातो, तांबडा-पिवळा तेवढा पोचतो. ग्रहणात चंद्र तांब्यासारखा दिसतो तोही असाच, पृथ्वीच्या कडेच्या हवेतून गाळून आलेल्या उजेडानं. आणि दुपारचा चंद्र ताकासारखा फिकट, कारण आकाशच उजळ असतं. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरोबर आहे, मला हे रहीमचाचानं सांगितलं होतं. ती म्हणाली, तो शास्त्रज्ञ होता का? मी म्हणाले, कलईवाला. पुढं संस्थान खालसा होतानाची धामधुमीची वर्षं आली आणि चाचाची फेरी बंद पडली. तो गेला ते मला फार उशिरा कळलं. मी कुठल्या शाळेत फारशी गेले नाही, माझे गुरुजी तेवढे एकच.

तर आत्याबाईंना चाचाचं बोलणं पटलेलं दिसलं, पण त्या काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. चंद्र वर चढतो, पोरगी कुठं चढणार, असं त्यांनी विचारलं. चाचानं पातेलं खाली उतरवलं. मग त्या पायरीवर टेकल्या. "बसते मी," त्या म्हणाल्या. "तो पांढरा होईस्तोवर बसते. मग मात्र उठणार." त्यांचे पाय दुखत असावेत, पण आम्हांला तेवढा वेळ मिळाला.

मी तिथंच सगळं सांगून टाकलं. काट्याचं सोंग, माझी रास, आक्कानं घासलेली हळद, सगळं. मायनं डोक्याला हात लावला. आत्याबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या की तू तिची बहीण, तू तिच्याच बाजूनं बोलणार. खरं बोलून काही उपयोग होत नाही हे मला त्या दिवशी कळलं, आणि याचा मी पुढं संसारात फार चांगला उपयोग करून घेतला. तिकडं चंद्र खळ्याच्या वर आला होता. तांबूसपणा गेला, मग हळदीचा पिवळा गेला, आता तो लोण्यासारखा झाला होता. मी त्याच्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते की थांब, जरा थांब. आजवर मी त्याला एवढं कधी विनवलं नव्हतं.

आत्याबाईंनी कमरेची चंची सोडली. तंबाखू तळहातावर घेतली, चुन्याची डबी उघडली. ती पांढरी डबी मी बघितली आणि मला मायचं कुंकू आठवलं. आमच्याकडं कुंकू विकत कोण आणतं? हळदीची पूड, त्यात चुना आणि लिंबाचा रस, की झालं लाल. मी कितीदा ते कालवलं होतं. चाचाचा धूर, कंदील, मनगट, सगळं माझ्या डोक्यात एकत्र झालं. मी डबीत बोट घातलं, आत्याबाई काही म्हणायच्या आत ओसरीवर पळाले, आक्काचा हात पदराखालून ओढला आणि मनगटावर चुन्याची रेघ मारली. थुंकी लावून चोळलं. जिथं चोळलं तिथं लाल होत गेलं, चांगलं ओल्या कुंकवासारखं. मी आक्काला ओढत अंगणात आणलं.

"कावीळ रक्तात असती," मी म्हणाले, कारण हे मी कुठंतरी ऐकलं होतं. "ती चुन्यानं लाल व्हत न्हाई. ही वरची हळद हाय. आता तुमचा हात द्या."

आत्याबाईंनी हात दिला. रेघ मारली, चोळलं, पांढरी ती पांढरीच. मग माझ्या हातावर, लाल. बाच्या हातावर, लाल. मायनं स्वतःहून हात पुढं केला, लाल. रहीमचाचा इतके दिवस आमच्या अंगणात बसलेला, त्यानंही कौतुकानं हात दिला, तोही थोडा लाल निघाला आणि तो खो खो हसत सुटला. अबोल बापानंसुद्धा बाही वर केली. त्याचा पांढरा राहिला तर त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं. आत्याबाईंनी आक्काला चंद्राकडं तोंड करून उभं केलं आणि पुन्हा डोळे बघितले. कंदिलाच्या उजेडात सगळ्यांचेच डोळे पिवळे होते. इथं ते पांढरे होते, आणि आता त्यांत पाणी होतं.

आत्याबाईंनी चुन्याची डबी मिटून चंचीत ठेवली. मग भावाला म्हणाल्या, खीर मागा. आणि मायकडं वळून म्हणाल्या की पोरीला कुंकू लावून घ्या. माय करंडा आणायला वळली, तेवढ्यात आक्का बोलली. सबंध संध्याकाळी नावगाव सोडून तिनं उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य.

"करंडा काहून? हे हातावरच तयार हाय," ती म्हणाली आणि मनगट आत्याबाईंच्या पुढं धरलं. "तुमीच लावा."

आत्याबाई मागं सरकल्या. मला चालत न्हाई पोरी, त्या म्हणाल्या, माझा हात नको. आक्का तशीच मान खाली घालून उभी राहिली. मायलाही वाटत होतं की रीत मोडू नये, ती काही बोलणार होती, पण बानं तिला डोळ्यानं थांबवलं. आक्का हलेना. माझ्या अकरा वर्षांत मी तिला कधी हट्ट करताना बघितलं नव्हतं. शेवटी आत्याबाईंनी तिच्या मनगटावरचं ते लाल बोटावर घेतलं आणि तिच्या कपाळावर टेकवलं. बोट बराच वेळ तिथंच होतं. चंद्र पांढरा झाला होता, पण कुणी वर बघितलं नाही.

पुढचं मला आक्काच्या नवऱ्यानं सांगितलं, लग्नाला वर्ष झाल्यावर. पाहुण्यांची गाडी साखऱ्याला पोचली तेव्हा तो वेशीपर्यंत सामोरा गेला होता, आणि लाज सोडून त्यानं आत्याला विचारलं की पोरगी कशी आहे. आत्याबाईंनी उजव्या हाताचं लाल बोट त्याच्यापुढं धरलं. दोन दिवसांच्या प्रवासात त्यांनी ते धुतलं नव्हतं.